डेटाबेस पृच्छांचे स्वयंचलित परीक्षण

वेब अनुप्रयोगाकडून डेटाबेसला पाठविल्या जाणाऱ्या पृच्छा गरजेपेक्षा अधिक, पुनरावृत्त वा खर्चिक आहेत काय, हे आज्ञावलीच्या प्रत्येक फेरबदलानंतर आपोआप तपासून पाहण्याची पद्धती. पृच्छा म्हणजे डेटाबेसमधील माहिती मागविण्यासाठी वा बदलण्यासाठी ठराविक भाषेत केलेली मागणी होय. अकार्यक्षम पृच्छा चुकीचे उत्तर देत नाही. ती बरोबर उत्तर अवाजवी श्रमाने मिळविते. त्यामुळे केवळ उत्तराची शुद्धता पाहणाऱ्या चाचणीत ती सापडत नाही. माहितीचा साठा लहान असेपर्यंत हा दोष जाणवतही नाही. नोंदी व वापरणारे वाढल्यावर, म्हणजे सेवेची गरज सर्वाधिक असते नेमक्या त्या वेळी, तो प्रकट होतो. तो आधीच उघडकीस आणणे हा या परीक्षणाचा हेतू आहे.

ब्राउझरमधून वापरता येणाऱ्या संगणकीय प्रणालीस वेब अनुप्रयोग म्हणतात. ग्रंथालयाची सूची, रेल्वेचे आरक्षण, परीक्षेचे निकाल, वीजदेयकाचा भरणा ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. अशा प्रणालीत माहिती बहुधा वेगळ्या संगणकावरील डेटाबेसमध्ये असते आणि पान तयार करणारी आज्ञावली ती पृच्छांद्वारे मागवून घेते. प्रत्येक पृच्छेला दोन प्रकारचा खर्च येतो : (१) मागणी डेटाबेसपर्यंत पोहोचून उत्तर परत येण्यास लागणारा फेरीचा वेळ आणि (२) उत्तर शोधण्यासाठी डेटाबेसला वाचाव्या लागणाऱ्या नोंदींचा खर्च. पहिला खर्च मुख्यतः पृच्छांच्या संख्येवर, तर दुसरा प्रत्येक पृच्छेच्या स्वरूपावर अवलंबून असतो. परीक्षणाच्या पद्धतींचेही त्यानुसार दोन मुख्य वर्ग पडतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एडगर एफ. कॉड यांनी १९७० मध्ये डेटाबेसच्या संबंधात्मक प्रतिमानाची मांडणी केली. या प्रतिमानात माहिती कोष्टकांच्या रूपात ठेवली जाते. कोणती माहिती हवी एवढेच वापरणाऱ्याने सांगावयाचे असते. ती कोणत्या मार्गाने शोधावी हे प्रणालीने ठरवावयाचे असते. डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या सीक्वेल या भाषेतून पुढे एसक्यूएल ही पृच्छाभाषा विकसित झाली. आयबीएम कंपनीच्या सिस्टिम आर या प्रायोगिक प्रणालीसाठी पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली मार्गनिवडीची पद्धती १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत उपलब्ध मार्गांच्या खर्चाचा अंदाज करून सर्वांत स्वस्त मार्ग निवडला जातो. आजच्या बहुतेक संबंधात्मक डेटाबेसांत असणाऱ्या योजनाकार या घटकाचे मूळ या पद्धतीत आहे.

या व्यवस्थेमुळे पृच्छा लिहिणे सोपे झाले. मात्र तिचा खर्च लिहिणाऱ्याच्या नजरेआड गेला. पुढे हायबरनेट (२००१), रेल्स (२००४), जँगो (२००५) यांसारख्या साधनांमुळे तर पृच्छा स्वतः लिहिण्याचीही फारशी गरज उरली नाही. या साधनांत कोष्टकातील नोंद आज्ञावलीमध्ये एखाद्या वस्तूप्रमाणे वापरता येते आणि तिच्याशी संबंधित माहिती वाचताच आवश्यक ती पृच्छा पडद्यामागे तयार होते. संबंधित माहिती प्रत्यक्ष वाचली जाईपर्यंत न मागविण्याच्या या रीतीस विलंबित भरण म्हणतात. मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रीतीचे वर्णन करतानाच, यादीतील वस्तू एकेक करून वाचल्यास डेटाबेसकडे अनावश्यक फेऱ्या होतात, याकडे लक्ष वेधले होते.

याच काळात स्वयंचलित चाचण्यांचाही प्रसार होत होता. केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये जावा भाषेसाठी जेयूनिट ही चाचणी-चौकट तयार केली. अशा चौकटीत आज्ञावलीचा एखादा भाग चालवून त्याचे फलित अपेक्षित फलिताशी ताडून पाहिले जाते. फलिताबरोबर खर्चही ताडून पाहणे ही त्यापुढची स्वाभाविक पायरी होती. जँगोच्या २०११ मध्ये आलेल्या १.३ या आवृत्तीत, चाचणीच्या ओघात किती पृच्छा झाल्या हे पडताळण्याची सोय अंतर्भूत करण्यात आली.

अकार्यक्षमतेचे प्रकार : (१) ‘एन अधिक एक’ दोष : सर्वांत जास्त आढळणारा हा दोष उदाहरणाने स्पष्ट होईल. ग्रंथालयाच्या सूचीतील एका पानावर ५० पुस्तकांची नावे व त्यांचे लेखक दाखवावयाचे आहेत. पुस्तके एका कोष्टकात व लेखक दुसऱ्या कोष्टकात आहेत. आज्ञावली एका पृच्छेने ५० पुस्तके मागविते आणि मग प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी स्वतंत्र पृच्छा करते. अशा रीतीने एकूण ५१ पृच्छा होतात. प्रत्येक फेरीस एक सहस्रांश सेकंद लागतो असे मानल्यास हा वेळ ५१ सहस्रांश सेकंद, म्हणजे वाचकाच्या लक्षातही न येण्याजोगा असतो. तथापि त्याच आज्ञावलीने २,००० पुस्तकांची यादी केली, तर २,००१ पृच्छा होऊन नुसत्या फेऱ्यांतच सुमारे दोन सेकंद जातात. प्रकाशकाचे नावही दाखवावयाचे ठरले, तर जवळजवळ चार सेकंद. वास्तविक दोन्ही कोष्टके जोडणारी एकच पृच्छा, किंवा पुस्तकांसाठी एक व त्यांच्या सर्व लेखकांसाठी मिळून एक अशा दोन पृच्छा पुरेशा असतात. संबंधित माहिती याप्रमाणे एकगठ्ठा आधीच मागवून घेण्यास पूर्वभरण म्हणतात.

(२) निर्देशसूचीचा अभाव : ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या सूचीमुळे विशिष्ट शब्द असलेले पृष्ठ सर्व ग्रंथ न चाळता सापडते. डेटाबेसमधील निर्देशसूचीचे कार्य याच स्वरूपाचे असते. ती बहुधा रूडॉल्फ बायर व एडवर्ड मक्राइट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बी-वृक्ष या रचनेवर आधारलेली असते. वृक्षाच्या प्रत्येक पातळीवर १०० शाखा फुटत असतील, तर तीन पातळ्यांत १० लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते. निर्देशसूची नसल्यास त्याच १० लाख नोंदी क्रमाने वाचाव्या लागतात. काही वेळा निर्देशसूची असूनही पृच्छेच्या रचनेमुळे निरुपयोगी ठरते. उदा., आडनावांची सूची वर्णक्रमाने लावलेली असताना ‘कर’ या अक्षरांनी संपणारी आडनावे मागितल्यास आद्याक्षर माहीत नसल्याने त्या क्रमाचा उपयोग होत नाही.

(३) अनावश्यक वाचन : केवळ नोंदींची संख्या हवी असता सर्व नोंदी आज्ञावलीत आणून त्या मोजणे, दोनच स्तंभ लागत असता संपूर्ण नोंद मागविणे ही याची उदाहरणे होत. लांबलचक यादीतील दूरचे पान मागविणे हेही असेच आहे. प्रत्येक पानावर २० नोंदी असताना ५०० वे पान ‘आधीच्या इतक्या नोंदी सोडून’ अशा रीतीने मागितले, तर डेटाबेसला ९,९८० नोंदी वाचून टाकून द्याव्या लागतात व मग पुढील २० नोंदी मिळतात.

सर्वसाधारण चाचणीच्या मर्यादा : वरील दोष सर्वसाधारण चाचण्यांतून निसटण्याची कारणे तीन आहेत. पहिले, अशा चाचणीत पानावर योग्य नावे आली की नाही एवढेच पाहिले जाते व ती तर बरोबरच आलेली असतात. दुसरे, चाचणीसाठी घातलेल्या नोंदी मोजक्या असतात. तीन पुस्तकांच्या यादीत दोषयुक्त आज्ञावली चार पृच्छा करते आणि निर्दोष आज्ञावली दोन. हा फरक कोणालाही जाणवत नाही. तिसरे, घड्याळ लावून वेळ मोजला, तरी तो त्या संगणकावरील अन्य कामे, स्मृतीत आधीच असलेली माहिती, जाळ्याची स्थिती इ. गोष्टींनुसार बदलतो. वेळेची मर्यादा कडक ठेवल्यास निर्दोष आज्ञावलीही अधूनमधून नापास होते आणि सैल ठेवल्यास दोष सुटून जातो. कारणाशिवाय नापास होणाऱ्या चाचणीकडे लोक लवकरच दुर्लक्ष करू लागतात. यास्तव प्रत्येक वेळी सारखेच फलित देणारे माप निवडणे हे या परीक्षणाचे मुख्य तत्त्व ठरले आहे. पृच्छांची संख्या हे असे माप आहे : मंद वा जलद, कोणत्याही संगणकावर ५१ पृच्छा या ५१ च राहतात.

पद्धती : (१) निश्चित संख्येची पडताळणी : चाचणी एखादे पान मागविते, त्या अवधीत डेटाबेसकडे गेलेल्या पृच्छांची नोंद ठेवते आणि त्यांची संख्या ठरलेल्या आकड्याशी ताडते. उदा., वाचकाची ओळख, पुस्तके व लेखक यांसाठी प्रत्येकी एक अशा तीन पृच्छा अपेक्षित असता चार झाल्यास चाचणी नापास होते. ही पद्धती सोपी व नेमकी आहे. मात्र रास्त कारणाने एखादी पृच्छा वाढली, तरीही ती नापास होते आणि मग कारण न शोधता आकडा वाढवून ठेवण्याची सवय लागण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी, नापास झालेल्या चाचणीने प्रत्यक्ष झालेल्या सर्व पृच्छा छापून दाखविणे इष्ट असते. अनावश्यक पृच्छा कोणती, हे त्यावरून लगेच दिसते.

(२) वाढीची पडताळणी : या पद्धतीत आकडा ठरवून दिलेला नसतो. तेच पान आधी दोन पुस्तके असताना व नंतर वीस पुस्तके असताना मागविले जाते आणि दोन्ही वेळच्या पृच्छांची संख्या समान असावी, एवढीच अट घातली जाते. नोंदींबरोबर पृच्छाही वाढल्यास ‘एन अधिक एक’ दोष सिद्ध होतो. दोषाच्या मूळ लक्षणालाच ही चाचणी हात घालीत असल्याने रास्त फेरबदलांमुळे ती सहसा नापास होत नाही. मात्र तिच्यासाठी नोंदी विचारपूर्वक निवडाव्या लागतात. वीसही पुस्तके एकाच लेखकाची असतील, तर एकदा आणलेली नोंद स्मृतीत जपणाऱ्या साधनांत लेखकासाठी एकच पृच्छा होते व दोष झाकला जातो. म्हणून प्रत्येक पुस्तकाचा लेखक वेगळा ठेवतात. त्याचप्रमाणे पहिल्या विनंतीच्या वेळी आज्ञावली काही कायमस्वरूपी माहिती एकदाच आणून साठवीत असल्यास दोन मोजण्यांत खोटा फरक पडतो. त्यासाठी मोजणीपूर्वी ते पान एकदा मागवून घेतात.

(३) पुनरावृत्तीचा शोध : एका विनंतीत झालेल्या पृच्छांमधील विशिष्ट मूल्ये, उदा., लेखकाचा क्रमांक, गाळून त्यांचा साचा तेवढा शिल्लक ठेवला, तर एकच साचा अनेकदा आलेला ओळखता येतो. ठरावीक मर्यादेपलीकडे पुनरावृत्ती झाल्यास इशारा दिला जातो. प्रत्येक पानासाठी स्वतंत्र चाचणी न लिहिता आधीच्या सर्व चाचण्यांवर हे परीक्षण एकाच वेळी लागू करता येते, हा तिचा विशेष लाभ होय. रेल्ससाठी २००९ पासून उपलब्ध असलेले बुलेट हे साधन विलंबित भरणातून होणाऱ्या अनावश्यक फेऱ्या दाखविते. तसेच करून न वापरलेले पूर्वभरणही निदर्शनास आणते.

(४) विलंबित भरणास प्रतिबंध : आधी न मागविलेली संबंधित माहिती वाचण्याचा प्रयत्न होताच आज्ञावली त्रुटी देऊन थांबावी, अशी व्यवस्था काही साधनांत करता येते. रेल्सच्या ६.१ या आवृत्तीत (२०२०) ही सोय आली. येथे मोजणीची गरजच उरत नाही. दोष असलेली आज्ञावली सर्वसाधारण चाचणीतही बंद पडते.

(५) कार्ययोजनेची तपासणी : निर्देशसूचीचा अभाव पृच्छांच्या संख्येवरून कळत नाही. त्यासाठी योजनाकाराने निवडलेला मार्ग पाहावा लागतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल इ. डेटाबेसांत पृच्छेपूर्वी ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा जोडल्यास तिची कार्ययोजना मिळते. तीत मोठ्या कोष्टकाचे सलग वाचन दिसल्यास चाचणी नापास करता येते. तथापि येथे एक अडचण उद्भवते. कोष्टकात दहाच नोंदी असतील, तर निर्देशसूचीतून जाण्यापेक्षा त्या क्रमाने वाचणेच स्वस्त पडते व योजनाकार तोच मार्ग निवडतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे चाचणीपुरती मोठ्या प्रमाणावर कृत्रिम नोंदी भरून डेटाबेसची सांख्यिकी ताजी करणे. दुसरा उपाय पोस्टग्रेसमध्ये उपलब्ध आहे : सलग वाचन शक्यतो टाळावे, अशी सूचना योजनाकाराला देता येते. ती दिल्यानंतरही योजनेत सलग वाचनच आले, तर त्या पृच्छेस उपयोगी पडेल अशी निर्देशसूची नाही, असा निष्कर्ष काढता येतो. कृत्रिम नोंदी भरताना त्यांतील मूल्यांची विभागणी प्रत्यक्षातल्यासारखी ठेवावी लागते. सर्व पुस्तकांची भाषा मराठीच दाखविली, तर भाषेच्या निर्देशसूचीचा उपयोग होत नाही व योजना वेगळीच निघते.

अंमलबजावणी : या चाचण्या आज्ञावलीत बदल होताच आपोआप चालविल्या जातात व त्या उत्तीर्ण झाल्याशिवाय तो बदल स्वीकारला जात नाही. त्यामुळे दोष निर्माण करणारा बदल व दोषाचा शोध यांत फार तर काही तासांचे अंतर राहते आणि कारण शोधणे सोपे जाते. तोच दोष काही महिन्यांनी उघडकीस आला, तर दरम्यानच्या असंख्य बदलांतून नेमका बदल हुडकावा लागतो. जुन्या अनुप्रयोगांत अनेक दोष आधीपासून असतात व ते सर्व एकदम दूर करणे शक्य नसते. अशा वेळी प्रत्येक पानाची सध्याची पृच्छासंख्या आधारभूत मानून ती वाढू द्यावयाची नाही, असा नियम करतात; एखादे पान सुधारले की त्याचा आकडा खाली आणतात. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पानांपासून व याद्यांपासून सुरुवात करणे श्रेयस्कर ठरते, कारण नोंदींच्या वाढीचा परिणाम याद्यांवर प्रथम होतो.

मर्यादा : पृच्छांची संख्या हे खर्चाचे केवळ एक गमक आहे, तो प्रत्यक्ष खर्च नव्हे. संख्या कमी करण्याच्या भरात अनेक कोष्टके एकाच पृच्छेत जोडल्यास वेगळाच दोष निर्माण होतो. २० पुस्तके, प्रत्येक पुस्तकाच्या १० देवघेवी व ५ विषय एकाच पृच्छेत जोडले, तर देवघेव व विषय यांच्या सर्व जोड्या तयार होऊन १,००० ओळी परत येतात. स्वतंत्र तीन पृच्छांनी मात्र २०, २०० व १०० मिळून ३२० ओळीच येतात. येथे तीन पृच्छा एका पृच्छेपेक्षा स्वस्त पडू शकतात.

डेटाबेसच्या प्रकारावरही बरेच अवलंबून असते. एसक्यूलाइट हा डेटाबेस अनुप्रयोगाच्याच प्रक्रियेत चालत असल्याने त्यात जाळ्यावरील फेरीचा वेळ नसतो आणि अनेक लहान पृच्छा करणे हा तेथे दोष मानला जात नाही. साहजिकच चाचणी एसक्यूलाइटवर व प्रत्यक्ष वापर दुसऱ्या डेटाबेसवर असल्यास कार्ययोजनेविषयीचे निष्कर्ष निरर्थक ठरतात. म्हणून चाचणीतील डेटाबेस प्रत्यक्ष वापरातील प्रकाराचा व शक्यतो त्याच आवृत्तीचा असावा लागतो.

एकाच वेळी अनेक वापरणारे आले असता होणारा अडथळा, एका व्यवहाराने नोंदी अडवून ठेवल्यामुळे दुसऱ्यास करावी लागणारी प्रतीक्षा यांसारखे परिणाम या चाचण्यांत दिसत नाहीत. त्यासाठी भारचाचणी घ्यावी लागते. शिवाय ज्या पानांचा वा वापराच्या रीतींचा विचार चाचणी लिहिताना झालेला नाही, त्यांतील दोष सापडत नाहीत. याकरिता प्रत्यक्ष वापरातील डेटाबेसवरही लक्ष ठेवले जाते. मायएसक्यूएलमध्ये मंद पृच्छांची नोंदवही ठेवता येते. पोस्टग्रेसमध्ये २००९ मधील ८.४ या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या जोडघटकाद्वारे कोणत्या साच्याची पृच्छा किती वेळा झाली व तिला एकूण किती वेळ लागला, हे समजते. अशा रीतीने सापडलेल्या प्रत्येक दोषासाठी नवी चाचणी लिहिल्यास तोच दोष पुन्हा शिरण्यास आळा बसतो.

महत्त्व : पृच्छांच्या अकार्यक्षमतेचा भार शेवटी सेवा घेणाऱ्यावर पडतो. निकालाच्या दिवशी वा अर्जाच्या अखेरच्या मुदतीस एकाच वेळी पुष्कळ लोक येतात तेव्हा प्रत्येक पानामागील अनावश्यक पृच्छा तितक्या पटींनी वाढतात. डेटाबेसची क्षमता अशा रीतीने संपली की निर्दोष पानांनाही विलंब होऊ लागतो. अधिक शक्तिशाली संगणक घेऊन हा प्रश्न काही काळ पुढे ढकलता येतो. तथापि नोंदींबरोबर वाढत जाणारा खर्च त्या संगणकालाही कालांतराने गाठतो. स्वयंचलित परीक्षणाने वेग प्रत्यक्ष वाढत नाही. खर्च कोठे व कशामुळे वाढला हे मात्र तो लोकांपर्यंत पोहोचण्यापूर्वी कळते आणि एकदा साधलेली कार्यक्षमता पुढील फेरबदलांत नकळत हरवत नाही.